दुसऱ्या आल्बमचं आभाराचं पान

ह्यूस्टन, टेक्सस
२ मार्च १९९९

प्रिय डेसाआत्या,

फोन केला की तू म्हणतेस, "ड्रेल, तू नुसता हो आत्या, हो आत्या करतोस आणि मागे कुणीतरी ढोल बडवत असतं." म्हणून हे पत्र. ढोल आताही वाजतोय, पण कागदावर तो तुला ऐकू येणार नाही.

माझा दुसरा रॅप आल्बम होत आला. तेरा गाणी रेकॉर्ड झाली, चौदाव्याची जागा रिकामी आहे. नाव ठेवलंय ‘घरी न्यायचं ताट’. चर्चमधल्या जेवणानंतर, जे येऊ शकले नाहीत त्यांच्यासाठी तू फॉइलमध्ये ताटं बांधायचीस आणि वर चिकटपट्टी लावून एकेकाचं नाव लिहायचीस, त्यावरून. रेकॉर्ड कंपनीतल्या गोऱ्या बाईंनी विचारलं, हे जेवणाविषयी आहे का. मी म्हटलं, नाही बाई, जे टेबलापर्यंत पोचले नाहीत त्यांच्याविषयी आहे. त्यांनी लिहून घेतलं. कळलं की नाही देव जाणे.

तुला खरं सांगतो, मला भीती वाटतेय. पहिल्या आल्बमला लोक आले ते कोण हा नवा पोरगा म्हणून बघायला. दुसऱ्याला येतील ते माझ्यात काही आहे की नाही हे तपासायला. सोबत ताल जुळवणारा लीऑन म्हणतो, घाबरू नकोस, तुझ्याकडे ‘ड्रेलची ठेच’ आहे. म्हणजे माझ्या गाण्यात ताल सरळ चालता चालता अर्धं पाऊल थबकतो, ठेच लागल्यासारखा, आणि मग पुन्हा चालू लागतो. न्यू यॉर्कच्या एका मासिकाने छापलंय की अशी चाल याआधी कुणी बांधली नव्हती. ते कात्रण मी पाकिटात ठेवतो. हसू नकोस.

आता कामाचं. सीडीसोबतच्या पुस्तिकेत शेवटी आभाराचं पान असतं ना, त्याची यादी सोबत पाठवतोय. आपल्याकडची माणसं गाणी नंतर ऐकतात, आधी ते पान उघडतात, हे तुला माहीत आहे. मागच्या वेळी एकशे चौदा नावं होती, तरी तिघांनी अबोला धरला. या वेळी एकशे एकतीस आहेत. नावं नीट तपास. वीस तारखेपर्यंत द्यायची आहे.

तुझा,
केंड्रेल

हॅचर्स बेंड, अलाबामा
९ मार्च १९९९

प्रिय केंड्रेल,

यादी मिळाली. चष्मा लावून, पेन्सिल घेऊन, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून तपासली. सुरुवात देवापासून केलीस ते बरं केलंस. पुढचं ऐक.

टायरवाल्या डूलीचं नाव दोनदा आलंय. त्याने तुला टायर एकच दिला होता, नावही एकदाच पुरे. व्हर्लीनच्या नावात तू एक अक्षर खाल्लंयस, ती सेल्मात दुकान चालवते आणि तुझी सीडी तीच विकते, तेव्हा तिचं अक्षर तिला परत दे. तुझा कुत्रा नवव्या जागी आहे आणि पास्टर हॉलोवे बाविसाव्या. हे उलट कर. कुत्रा काही म्हणणार नाही.

आणि एक नाव राहिलंय.

यूलिसीस क्रेनशॉ. तुझे बँडमास्तर. ज्यांनी सहावीत तुझ्या हातात पहिल्यांदा ढोलाच्या काठ्या दिल्या. मागच्या यादीतही ते नव्हते. मी तेव्हा काही बोलले नाही, म्हटलं घाईत राहिलं असेल. पण व्हर्लीनने मला सांगितलं होतं, तुझा पहिला आल्बम आला त्या शनिवारी मास्तर चाळीस मैल गाडी हाकून तिच्या दुकानात आले, एक सीडी घेतली, आणि बाहेर गाडीत बसून ते पान वाचत राहिले. पहिल्यांदा वरून खाली, मग खालून वर. मग पुस्तिका परत आत घातली आणि गेले.

या मे महिन्यात ते निवृत्त होताहेत. सदतीस वर्षं झाली. मुलगी त्यांना अ‍ॅटलांटाला घेऊन जाणार आहे. तुझा हा आल्बम येईल तेव्हा ते सामान बांधत असतील. मला त्यांचं नाव त्या पानावर हवंय, ड्रेल. मी तुझ्याकडे आजवर काही मागितलं नाही, हे मागतेय.

जेवत जा. फोटोत गालफडं दिसतात.

तुझी आत्या,
ओडेसा मेब्री

ह्यूस्टन
१५ मार्च १९९९

आत्या,

राहिलेलं नाही. मी ठेवलं नाही.

तुला मी एकदा खोटं सांगितलं होतं. ऑक्टोबर १९९०, मी बारावीत. तू दार उघडलंस तेव्हा मी बनियनवर उभा होतो आणि म्हणालो, बँड मीच सोडला, कंटाळा आला. मी सोडला नव्हता. बर्मिंगहॅमच्या मोठ्या फुटबॉल सामन्याला दोन दिवस होते, तिथे आपल्या शाळेचा बँड वाजवणार होता. तू माझा गणवेश इस्त्री करून दिला होतास, आठवतं का, सोनेरी पट्टीखाली ओला रुमाल ठेवून. राज्याच्या कॉलेजचा माणूस त्या सामन्याला येणार होता, बँडसाठी मुलं निवडायला. सगळे म्हणत होते, मेब्री जाणार. आणि सरांनी सत्तर पोरांसमोर मला पुढे बोलावलं आणि म्हणाले, "मेब्री, गणवेश उतरव."

मी विचारलं का. ते म्हणाले, "मी सांगतोय म्हणून."

दुसरं एक अक्षर नाही. मी तिथेच कोट काढून दिला आणि सहा मैल चालत घरी आलो. कापसाच्या गिरणीपाशी बसलेल्या म्हाताऱ्यांनी विचारलं, काय रे, शर्ट कुठे. मी सतरा वर्षांचा होतो, आत्या. बाप नव्हता. मला वाटायचं, कधी लागलाच तर तो माणूस बापाच्या जागी उभा राहील.

जे काही झालो ते त्यांच्याशिवाय झालो. ही चाल माझी आहे, हा आवाज माझा आहे. तू दुसरं काहीही माग.

केंड्रेल

हॅचर्स बेंड
५ एप्रिल १९९९

प्रिय केंड्रेल,

ईस्टर काल छान पार पडला. मी पिवळी टोपी घातली होती, सेल्माहून आणलेली, कडेला पांढरी फुलं आणि मागे जाळी. फुलं कापडाची आहेत पण लांबून खरी वाटतात. सिस्टर बर्डीने तीनदा वळून पाहिलं आणि चौथ्यांदा विचारलं कुठून घेतली, मी म्हटलं देवाची कृपा. जाळी मात्र डोळ्यांवर येते, ती थोडी वर शिवावी लागेल. लहान मुलांनी भाषणं केली. पीचचं गोड कॉबलर दोन तसराळी केलं, खरवडून संपलं. पाऊस नाही. कोलार्डची भाजी यंदा लवकर फुलावर आली.

यादी पाठवलीस का? पाठवली नसशील तर कळव.

तुझी आत्या

ह्यूस्टन
१२ एप्रिल १९९९

आत्या,

यादी अजून माझ्याकडेच आहे. चौदावं गाणं होत नाहीये म्हणून कंपनीने मे अखेरपर्यंत मुदत दिली. लीऑन रोज सकाळी विचारतो, आलं का काही? मी म्हणतो, येतंय. काही येत नाहीये.

पण तू मला सांग. मी नऊ वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट तुला लिहिली, आणि तू तीन आठवड्यांनी मला टोपीचं वर्णन पाठवलंस. तू मला वाढवलंस. तू टोपीविषयी इतकं लिहितेस म्हणजे दुसरं काहीतरी लिहायचं टाळतेयस. तब्येत बरी आहे ना? माझा राग आला का?

तू ते नाव लिही म्हणतेस. मी लिहीन. तू फक्त एकदा म्हण की त्या दिवशी त्यांनी चूक केली. एवढं म्हण, मी लिहितो.

केंड्रेल

हॅचर्स बेंड
१७ एप्रिल १९९९

केंड्रेल रूझवेल्ट मेब्री,

त्यांनी चूक केली असं मी म्हणू शकत नाही, कारण ते त्यांनी केलं नाही. मी केलं.

आता शांतपणे वाच. उभा असशील तर बस.

त्या सप्टेंबरात शाळेतून मला बोलावणं आलं. तू दोन विषयांत नापास होत होतास आणि इंग्रजीच्या बाईंनी सांगितलं, हा मुलगा मे महिन्यात बारावी पास झाल्याची टोपी घालणार नाही. तू मला म्हणत होतास, आत्या, कॉलेजचा माणूस येतोय, तो मला ढोलावरच घेईल. मी चौकशी केली. शाळा पूर्ण केल्याशिवाय कुणीही कुणाला घेत नाही. पण तू ऐकण्याच्या पलीकडे गेला होतास. सकाळी ढोल, दुपारी ढोल, जेवताना काट्याचमच्यांनी टेबलावर ढोल.

तुझा बाप, माझा भाऊ रूझवेल्ट, अकरावीत शाळा सोडून ट्रंपेट घेऊन एका फिरत्या बँडबरोबर गेला. अकरा वर्षांनी परत आला तेव्हा हातात ट्रंपेट नव्हतं. हे तुला माहीत आहे. तुला माहीत नाही ते हे: मोबीलच्या दवाखान्यात त्याच्यापुढे सही करायला कागद ठेवला, तेव्हा त्याने तो माझ्याकडे सरकवला आणि हळूच म्हणाला, "डेसा, काय लिहिलंय गं यात?" एकतीस वर्षांचा माणूस. माझा देखणा भाऊ. मी वाचून दाखवलं, त्याने सही केली, आणि चार दिवसांनी तो गेला. त्या दिवशी मी ठरवलं, याचं पोर असं कुणाला विचारणार नाही.

म्हणून मी क्रेनशॉ मास्तरांकडे गेले. शाळा सुटल्यावर, बँडच्या खोलीत. म्हटलं, याला काढा. ते म्हणाले, "सिस्टर मेब्री, माझ्याकडे त्याच्यासारखा दुसरा नाही. तुम्ही मला माझाच हात कापायला सांगताय." मी म्हटलं, कापा. ते म्हणाले, मग त्याला कारण सांगतो. मी म्हटलं, नाही, माझं नाव घ्यायचं नाही. तो माझ्यावर चिडला तर घर सोडून जाईल, बाप गेला तसाच. तुमच्यावर चिडला तर निदान चिडून यायला त्याला घर राहील.

ते बराच वेळ ढोलाच्या काठ्या फडक्याने पुसत बसले. मग म्हणाले, "ठीक आहे. माझ्यावर चिडू दे."

तू बनियनवर दारात आलास आणि म्हणालास मीच सोडला. मी म्हटलं बरं, हात धू. एका स्वयंपाकघरात आपण दोघं खोटं बोलत मटार खात बसलो होतो. त्या हिवाळ्यात मी तुला त्या टेबलाशी बांधून ठेवलं. तू बीजगणिताच्या वहीत मागच्या बाजूने रागारागाने यमकं लिहायचास, मला दिसायची, मी बोलायची नाही. मे महिन्यात तू पास झालास. वही अजून माझ्याकडे आहे. तुझी पहिली गाणी त्यात आहेत.

मी तेव्हा बरोबर होते असं मला वाटतं. पण ते ओझं दुसऱ्याच्या खांद्यावर ठेवलं, ते बरोबर नव्हतं. ते मला रोज टोचतं.

आता तुला माझा राग येणार. येऊ दे. तो माझ्या वाट्याला नऊ वर्षं उशिरा आला.

डेसाआत्या

ह्यूस्टन
२९ एप्रिल १९९९

आत्या,

तुझं पत्र आल्या दिवशी मी रेकॉर्डिंगला गेलो नाही. दुसऱ्या दिवशी लीऑनवर ओरडलो, त्याचा काही संबंध नव्हता. मग मी बापाच्या त्या कागदाचं पुन्हा वाचलं. तू मला हे कधी सांगितलं नव्हतंस.

मला राग आला आहे, आणि तो तुझ्यावर आहे. कॉलेजच्या माणसाने मला घेतलं असतं की नसतं हे आता कुणालाच कळणार नाही, आणि ते तू ठरवलंस. पण मी विचार करत बसलो की हा राग घेऊन जाऊ कुठे, आणि घराशिवाय दुसरी जागा सुचली नाही. म्हणजे तुझा हिशेब अजून चालतोय. यावर मला हसू आलं, आणि मग थोडं रडू आलं, ते लीऑनने पाहिलं नाही असं तो म्हणतो.

सरांना पत्र लिहिलंय. सोबत आहे, तू नेऊन दे. उघडून वाचशील हे मला ठाऊक आहे, म्हणून पाकीट चिकटवलेलं नाही.

केंड्रेल

ह्यूस्टन
२९ एप्रिल १९९९

आदरणीय क्रेनशॉ सर,

हे पत्र केंड्रेल मेब्रीचं, १९९१ची तुकडी, पहिल्या रांगेतला ढोल.

आत्याने मला सांगितलं. नऊ वर्षं मी तुमच्याविषयी जे बोललो ते तुमच्या कानावर आलं असेल, गाव लहान आहे. एका गाण्यात तर नाव न घेता दोन ओळीही आहेत. त्या तुमच्यावर होत्या. मला क्षमा करा.

तुम्हाला एका शब्दात सुटता आलं असतं. "तुझ्या आत्याला विचार," इतकंच. गावात मला पाहून तुम्ही टोपी उचलायचात आणि मी रस्ता ओलांडून पलीकडे जायचो, तेव्हाही तुम्ही बोलला नाहीत. हे कसं केलंत मला माहीत नाही. मला जमलं नसतं.

माझा दुसरा आल्बम येतोय. तुमचं नाव मला त्यात छापायचं आहे, तुमची हरकत नसेल तर. एकशे एकतीस नावांत एकशे बत्तिसावं म्हणून नाही. कुठे आणि कसं, ते अजून कळत नाहीये.

तुमचा विद्यार्थी,
केंड्रेल मेब्री

हॅचर्स बेंड
६ मे १९९९

प्रिय मेब्री,

तुझं पत्र तुझ्या आत्याने स्वतः आणून दिलं. ती दारातच उभी राहिली, आत आली नाही. मी तिला एक वचन दिलं होतं. ते तिने मोडलं, मी नाही, एवढं लक्षात असू दे.

तुझ्या पहिल्या आल्बममध्ये माझं नाव नव्हतं याचं मला वाईट वाटलं होतं. खोटं कशाला लिहू. मी स्वतःला समजावलं की हे असंच होणार होतं, पण समजावल्याने वाईट वाटणं थांबत नाही. आता तुझं पत्र आलं आणि ते थांबलं. त्याबद्दल तुझे आभार.

आता दुसरी गोष्ट, आणि ही मी बँडमास्तर म्हणून लिहितोय. तुझ्या गाण्यांत ती जी ठेच आहे. माझ्या बँडमधल्या मुलांनी मला मासिकातलं दाखवलं की अशी चाल आधी कुणी बांधली नव्हती. मेब्री, हॅचर्स बेंडमधल्या कोंबड्यांनाही ती १९७४ पासून पाठ आहे. शाळेकडून मिरवणूक उतारावरून खाली येते, तिथे रेल्वेचे रूळ आडवे आहेत. ते मोठे पितळी भोंगे अंगावर घेतलेल्या मुलांना रुळांवर पाय उचलायला अर्धा ठोका जास्त लागायचा. दर वर्षी रांग मोडायची आणि एक वर्षी तर अर्ल टिप्टन भोंग्यासकट आडवा झाला. म्हणून मी चालीतच अर्धा ठोका थांबा घातला. सगळे थांबतात, पाय उचलतात, पुढे जातात. तू त्या रुळांवरून सहा वर्षं चाललास. डोक्याने मला यादीतून काढलं, पण पायांना ते कळवलं नव्हतंस.

मुलं म्हणाली, सर, ड्रेलने आपली चाल चोरली. मी त्यांना सांगितलं, घरातलं पोर घरातली वस्तू घेऊन गेलं तर त्याला चोरी म्हणत नाहीत. मी तुझं ते तिसरं गाणं किती वेळा ऐकलं हे सांगणार नाही. शिव्या वगळता ते उत्तम आहे.

शनिवारी, २२ मेला, माझी शेवटची मिरवणूक आहे. दुपारी दोन वाजता शाळेपासून निघेल. पहिल्या रांगेत एक ढोल कमी आहे, मुलाचा हात मोडलाय. वेळेवर ये. गणवेश मी कपाटातून काढून ठेवतो, पण तो तुला आता होईल असं वाटत नाही.

यूलिसीस क्रेनशॉ

ह्यूस्टन
२ जून १९९९

प्रिय डेसाआत्या,

सुखरूप पोचलो. तू बांधून दिलेलं सगळं लुइझियाना ओलांडायच्या आत संपलं. निघताना तू मला इतकं घट्ट धरलंस की बरगडी अजून दुखते, आणि मी काही म्हटलं नाही कारण मलाही सोडायचं नव्हतं. राग कुठे गेला मला ठाऊक नाही. मी घेऊन आलो होतो एवढं नक्की.

चौदावं गाणं झालं. म्हणजे ते तिथेच झालं होतं. लीऑनने मागून उघड्या गाडीत माईक लावून सगळी मिरवणूक उतरवून घेतली होती ना, ती तो काल ऐकवत होता. उतार येतो, एकेचाळीस पोरं आणि मी, रूळ येतात, आणि सगळे एकदम थबकतात. त्या अर्ध्या ठोक्यात सरांचा आवाज स्पष्ट ऐकू येतो: "पाय उचला, बाळांनो." मी त्यावर एक शब्दही बोललो नाहीये. लीऑन म्हणाला, यावर रॅप कर. मी म्हटलं, यावर बोलायचं नसतं. आल्बम तिथे संपतो.

गाण्यांखाली जिथे चाल बांधणाऱ्याचं नाव छापतात, तिथे सगळीकडे सरांचं नाव घालायला सांगितलंय. पहिल्या आल्बमच्या नव्या प्रतींवरही. कंपनीच्या बाईंनी विचारलं, खात्री आहे का, मासिकात तर वेगळं आलंय. ते कात्रण मी फाडलं.

मिरवणुकीनंतर मी सरांना विचारलं होतं, पानावर तुमच्या नावापुढे काय लिहू? ते घाम पुसत म्हणाले, "जे केलं ते लिही." मी ते लिहिलंय. पण ते लिहायचं तर तूही त्यात येतेस, आणि मग सगळ्या गावाला कळेल. तू ते नऊ वर्षं लपवलंस, म्हणून तू हो म्हटल्याशिवाय पाठवणार नाही. एकशे एकतीस नावं मी काढली. आता एवढंच आहे:

"आधी देव.

मग यूलिसीस क्रेनशॉ, ज्यांनी माझा गणवेश काढून घेतला.

आणि ओडेसा मेब्री, जिने त्यांना तो काढून घ्यायला सांगितलं.

या दोघांमुळे मला लिहिता आलं. माझ्या दोन्ही आल्बममधली चाल क्रेनशॉ सरांची आहे. मी आभारी आहे."

नको वाटलं तर तुझी ओळ काढतो. राग येणार नाही.

तुझा,
ड्रेल

हॅचर्स बेंड
१० जून १९९९

ड्रेल,

छाप.

आत्या

हॅचर्स बेंड
२३ ऑगस्ट १९९९

प्रिय केंड्रेल,

आल्बम मंगळवारी आला आणि बुधवारपर्यंत व्हर्लीनच्या दुकानात एकही उरला नाही. तिचं अक्षरही नाही आणि नावही नाही, तरी ती माझ्याशी गोड बोलली. क्विली न्हाव्याने मात्र तुझा फोटो आरशावरून काढलाय. म्हणाला, सात वर्षं या पोराचं डोकं फुकट भादरलं. मी म्हटलं, क्विली, दे तो फोटो मला. तर म्हणाला, नाही, राहू दे, ख्रिसमसपर्यंत लावीन परत. डूली कुणाला टायरविषयी काही बोलत नाही.

मी आल्बम पूर्ण ऐकला. सगळं कळलं नाही, काही कळलं ते कळलं नसतं तर बरं झालं असतं. पण शेवटचं मी पाच वेळा लावलं. तुझी भीती गेली का रे? इथे लेकरं शाळेच्या बसमध्ये, मोठी माणसं पेट्रोल भरताना, सगळे तुझंच लावून बसलेत.

पण तुला कालचं सांगायचं आहे.

पुस्तिका सगळ्यांकडे होती, पण माझ्यापुढे कुणी विषय काढत नव्हतं. टोपीविषयी बोलायचे, उन्हाविषयी बोलायचे. तुला आठवत नसेल, तू रागात होतास, पण त्या वर्षी गावात मास्तरांना किती जणांनी काय काय म्हटलं. पोरक्या मुलाला भर मैदानात उघडं केलं, म्हणाले. दगडाच्या काळजाचा माणूस, म्हणाले. दोघीतिघींनी आपली मुलं बँडमधून काढली. माझ्या स्वयंपाकघरात बसून, माझी कॉफी पीत, माझ्या बाजूने बोलतोय असं समजून बोलले. आणि मी त्यांना आणखी कॉफी ओतली.

काल पास्टर हॉलोवेंनी प्रवचनाआधी विचारलं, कुणाला काही निवेदन करायचं आहे का. मी उभी राहिले. पुस्तिका पर्समध्ये होती. मी ते पान मोठ्याने वाचलं, माझी ओळ दोनदा वाचली, म्हणजे मागच्या बाकांवर ऐकू जावी. मग मी म्हणाले, "नऊ वर्षं तुम्ही या माणसाला जे जे बोललात, ते आता माझ्याकडे वळवा. ते माझं आहे."

लोकांच्या हातातले पंखे हलायचे थांबले होते. मग सिस्टर बर्डी, जी सगळ्यात जास्त बोलली होती, ती म्हणाली, "आमेन," आणि तोंड झाकून रडायला लागली.

ड्रेल, तुझे आभार. तू छापलं नसतंस तर माझ्या तोंडून हे कधी निघालं नसतं, आणि ते तसंच माझ्याबरोबर मातीत गेलं असतं. मी तुला वाढवलं असं सगळे म्हणतात. या वेळी तू मला हात धरून उभं केलंस. मला ते मान्य आहे आणि मी ते लिहून देतेय.

मी माझ्या जागेवर परत गेले नाही. मास्तर खिडकीकडच्या बाकावर एकटेच बसतात, बायको गेल्यापासून. अ‍ॅटलांटाला जायला त्यांना अजून सहा दिवस आहेत. मी सगळ्यांसमोरून चालत तिकडे गेले आणि बाकाच्या टोकाशी उभी राहिले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, शेजारची आपली टोपी उचलून मांडीवर घेतली, आणि मला बसायला जागा करून दिली.

तुझी आत्या,
ओडेसा